देवाचा कोरा फुगा

देव बोलला असता तर एवढा गोंधळ झालाच नसता. संपादकांनी त्याचं तोंड बंद केलं आणि आग लागली.

आमच्या साप्ताहिकातलं चित्रकथेचं पान मी लिहिते. शाळेशी माझं लवकर फाटलं. वाचायला शिकले रद्दीच्या दुकानात, त्यामुळे वाकून बोलायची सवय लागली नाही. माझं मत सरळ आहे. देवाशी माझं भांडण नाही, त्याच्या नावाने डरकाळ्या फोडणाऱ्यांशी आहे. ज्याने विश्व उभं केलं त्याला एक विनोद पेलवत नाही म्हणणं, यापरता मोठा अपमान नाही.

चित्रं माझ्या थोरल्या बहिणीची. पात्रांच्या संवादाच्या फुग्यांतली अक्षरंही शेवटी तीच हाताने काढते. ताई पक्की भाविक. देवाच्या फुग्यात ब्रश टेकवण्याआधी हात जोडते, आणि मग मी लिहिलेलं एकही अक्षर न गाळता उतरवते. "तुझं पाप तुझ्यापाशी, माझं अक्षर माझ्यापाशी," म्हणते.

या आठवड्यात देव स्वतःच्याच प्रार्थनामंदिराच्या दारात उभा होता आणि रखवालदार त्याच्याकडे ओळखपत्र मागत होता. देवाचं उत्तर वाचून संपादकांना घाम फुटला. ऐन छपाईच्या वेळी त्यांनी पांढरा रंग घेऊन अक्षरं पुसली. फुगा पुसायचा राहिला. देव तोंड उघडून उभा, आणि फुग्यात काहीच नाही.

अंक निघाला आणि दुसऱ्याच दिवशी प्रार्थनामंदिराची समिती दारात: अध्यक्ष, खजिनदार आणि गायनप्रमुख बाई. संपादक मला कोपऱ्यात घेऊन पुटपुटले, "माफी लिही आणि सही कर. नाहीतर पान बंद. तुझं आणि बहिणीचंही."

ताई ब्रश धूत होती. तिने मान वर केली नाही.

"लिहिते," मी म्हणाले. "पण कशाची माफी?"

"देवाच्या तोंडी वाट्टेल ते घातलंत त्याची," अध्यक्ष म्हणाले.

"काय घातलं?"

"सगळ्यांना कळतंय."

"मला नाही कळत. तुम्ही सांगा, ताई उतरवून घेईल."

खजिनदार उसळले. "देव विचारतोय, छपरासाठी आणलेले पत्रे तुझ्या गॅरेजवर कसे गेले. हेच ना?"

अध्यक्षांनी सावकाश मान वळवली. "कुठले पत्रे?"

"म्हणजे, लोक तसं वाचतायत."

"छे हो," गायनप्रमुख बाई म्हणाल्या. "तिथे तर, बाई जरा हळू गा, माझे कान दुखतात, असं आहे. माझ्या जाऊबाईंनी मुद्दाम पेनाने लिहून दाखवलं मला."

"ते देव कशाला, मीच किती वर्षं म्हणतोय," अध्यक्षांच्या तोंडून निसटलं.

"असं का? मग तुम्ही काय वाचलंत?"

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "नातीने लिहिलंय. ऊठ, खुर्ची माझी आहे."

खजिनदार खोकल्याच्या आडून हसले. बाई उघडच हसल्या. मी तर हसू आवरायला टेबल धरलं होतं. ताई तेवढी गंभीर. "पत्र्यांचं वाक्य लांब आहे," ती म्हणाली. "फुगा लहान. गॅरेज गाळलं तर चालेल का?"

"काहीही लिहू नका, बाई," खजिनदारांनी ताईपुढे हात जोडले.

बाहेर फोन वाजत होते. जो तो आपला फुगा ऐकवायला आतुर, आणि छपाईवाले मोठ्याने वाचून एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते.

"मी लिहिलं नाही त्याची माफी मी मागणार नाही," मी म्हणाले. "लिहिलं होतं ते छापा, मग खुशाल टांगा मला."

अध्यक्ष दमले होते. "मुळात होतं तरी काय?"

सांगितलं ताईने. "'मी पूर्वी इथे राहायचो.'"

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"तेच छापा," अध्यक्ष शेवटी संपादकांना म्हणाले. "पुढच्याच अंकात. जिव्हारी लागतं, पण निदान एकच वाक्य आहे. गावाने लिहिलेली आम्हाला झेपायची नाहीत."

"आणि माफी?" संपादकांनी चाचरत विचारलं.

"तुम्ही मागा. पुसलं तुम्ही."

ते गेल्यावर ताईने कागद ओढला आणि हात जोडले. फुगा तिने या वेळी चांगला मोठा काढला.

"एवढा कशाला गं?" मी विचारलं.

"त्याचा आवाज बारीक आहे," ती म्हणाली. "आणि तुम्ही सगळे ओरडता."