सायकल एकटीच घरी आली

हे तुम्ही खरं मानणार नाही. आजवर कोणी मानलेलं नाही. तातेरावच्या हॉटेलात मी हे चाळीसदा तरी सांगितलं असेल. चाळीसही वेळा लोकांनी चहा संपेपर्यंत ऐकलं आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, देव्या, लई फेकतो. तरी सांगतो. माणूस पुलाखाली पडला होता आणि त्याची सायकल, कोणी न बसता, कोणी न ढकलता, साडेतीन किलोमीटर चालून आपल्या घरी आली.

मी देविदास. गोरेगावच्या स्टँडवर एकतीस वर्षं काळी-पिवळी जीप चालवली. एका बाजाराच्या दिवशी माझ्या जीपमध्ये सत्तावीस माणसं, तीन बोकडं आणि एक शिलाई मशीन बसली होती आणि टेलरनं सेनगाव येईस्तोवर एक परकर शिवून दिला, हे मीच सांगत असतो. त्यातली सत्तावीस माणसं खरी आहेत. तेव्हा माझ्या बोलण्यातलं खरं-खोटं लोक आपापल्या हिशोबानं वेगळं काढतात, आणि मलाही ते बरं पडतं.

परवा मात्र ऐकायला महेजबीन बसली होती.

महेजबीन म्हणजे अजीजची पोरगी. अजीज म्हणजे जो पुलाखाली पडला तो. अकरा महिने झाले, ही पोरगी स्टँडवर येते आणि एकेका ड्रायव्हरला एकच विचारते, त्या दिवशी माझ्या अब्बाला शेवटचं कोणी पाहिलं. पंचनाम्यात लिहिलंय, पायी फिरायला गेला असता चक्कर येऊन पुलावरून पडला. सायकल घरी होती ना, मग माणूस पायीच गेला असणार. ते तिला पटत नाही. दिवसभर सायकल हाणून आलेला माणूस पुन्हा साडेतीन किलोमीटर पायी फिरायला काहून जाईल, असं ती विचारते. मला सोडून सगळ्यांना विचारून झालं होतं. मला ती काका म्हणते.

परवा ती सायकल हातात धरून आली. कळमनुरीचा एक धार लावणारा ती विकत घेणार होता, तो जीपनं यायचा होता. तिनं सायकल बाकड्याला टेकवली आणि त्याच बाकड्याच्या टोकाला बसली.

"सांग ना देव्या सायकलीचं," उकंडराव म्हणाले. यांची शेती रस्त्याला लागून, आणि दुपार सगळी हॉटेलात. "पोरीनं बी ऐकू दे."

"तिला काहून तकलीफ देता," मी म्हणालो.

"सांगा काका," महेजबीन म्हणाली. "सगळ्यायनं ऐकलं म्हणत्यात. मीच राहिले."

मग सांगावंच लागलं.

आधी रस्ता समजून घ्या. गोरेगावातून आमच्या वाडीला जो रस्ता जातो, तो मी पहिल्यांदा गाडी घातली तेव्हा दोन बैलगाड्यांचा होता. पुढं दर दोन-तीन वर्षांनी वरून डांबराचा एक थर पडत गेला. थर पडला की रस्ता उंच होतो आणि अंगानं आखडतो. आता डांबर आणि बाजूची माती यांच्यात वीतभर पायरी झालीय. साप आडवा जायला निघाला तर त्याचं तोंड पलीकडच्या मातीत टेकतं तेव्हा शेपूट अजून अलीकडच्या मातीत असतं.

"साप केवढा होता?" तातेराव भट्टीपाशून म्हणाला.

"मध्यम."

समोरासमोर गाड्या आल्या की एकानं त्या पायरीवरून खाली उतरायचं. सायकलवाला असला तर विचारायचंच नाही, तोच उतरतो. उतरताना पुढचं चाक मुरगळतं, कोणी पडतं, कोणाचं दूध सांडतं. गाडीवाला आरशात बघतसुद्धा नाही. मीही बघत नव्हतो. अजीज मात्र उतरायचा नाही.

अजीज सायकलीवर गावोगाव फिरून विळे, कात्र्या, अडकित्ते यांना धार लावायचा. हँडलच्या मागं दगडाचं चाक बसवलेलं. सायकल स्टँडवर चढवायची, सीटवर बसून पायडल मारायचं, दगड फिरतो, ठिणग्या उडतात. त्याला साधं स्टँड पुरायचं नाही, सायकल हलायची. तेव्हा माझ्या जीपच्या स्प्रिंगचे जुने लोखंडी पाटे निघाले होते, त्यातला एक मी दिला. त्याचं स्टँड आम्ही दोघांनी उभं राहून वेल्डिंग करून घेतलं. असं जड झालं की कोणाच्या बापाला लागेना. डावा हात सीटवर, उजवा कॅरेजला, आधी टाच आणि मग कंबर, आणि दोन्ही एका दमात. महिनाभर आम्ही दोघं घामाघूम झालो तेव्हा ते हाताला बसलं.

संध्याकाळी सवाऱ्या उतरवून मी रिकामी गाडी घेऊन वाडीला घरी निघायचो आणि अजीज त्याच वेळी गावं करून गोरेगावाकडं परतायचा. आमची गाठ रोज फरशीवर पडायची. फरशी म्हणजे तो बिनकठड्याचा पूल. कठडे होते, ते पुरानं नेले. जीप गेली की दोन्ही अंगांना मिळून दोन हात जागा उरते, आणि खाली दगड. पहिल्यांदा गाठ पडली तेव्हा अजीज पुलाच्या मधोमध पाय टेकून उभा राहिला. मी हॉर्न दिला. तो म्हणाला, "देव्या, तुझा हॉर्न माझ्या स्टँडपेक्षा हलका आहे."

शेवटी ठरलं की नंबर लावायचे. एक दिवस मी फरशीच्या अलीकडं थांबायचं आणि अजीजनं आधी यायचं. दुसऱ्या दिवशी त्यानं पलीकडं थांबायचं आणि मी आधी जायचं. चौदा वर्षं चाललं. एकदा माझ्या नंबरच्या दिवशी मी थांबलो ते विसरूनच गेलो, गाडीतच झोप लागली, उठलो तर अजीजनं माझ्या टपावर बसून वाडीतल्या सगळ्या विळ्यांना धार लावून ठेवली होती.

"टपावर सायकल कशी चढली?" उकंडराव.

"स्टँड लावून."

महेजबीन हसली नाही. तिनं विचारलं, "त्या दिवशी नंबर कोणाचा व्हता, काका?"

"कोण्या दिवशी?"

"अब्बा पडले त्या दिवशी."

"मी नव्हतोच ना रस्त्यावर," मी म्हणालो. "क्लच प्लेट गेली होती. दिवसभर गाडी सेनगावला गॅरेजात. म्हणून तर अजीज बिचारा एकटा सापडला. मी असतो तर..." इथं मी दरवेळी थोडा थांबतो. इथं लोक चहा पुढं ओढतात. "आता ऐक. अजीज पडला. चक्कर आली असंल, नाही तर एखादं बाहेरचं वाहन आलं असंल, कोणाला माहीत. तो खाली गेला आणि सायकल वर डांबरावर आडवी पडली. घटकाभर पडून राहिली. मग उठली."

"आपोआप," उकंडराव म्हणाले.

"आपोआप. आधी हँडल उचललं, मग धड. दोनदा घंटी वाजवली, मालक काही बोलला नाही. मग निघाली. चढाला दम लागला तर उतरून चालली."

"कोण उतरून?"

"सायकलच. बारवेपाशी कुत्री आडवी आली, त्यांना दगडी चाक फिरवून ठिणग्या दाखवल्या. पुढं कापसाचा टेम्पो आला, त्याला साइड दिली. टेम्पोवाल्यानं आजपर्यंत कोणाला हात केला नव्हता, त्यानं तिला हात केला. अन् दिवेलागणीला बराबर अजीजच्या दारात जाऊन थांबली. चौदा वर्षं त्याच वाटेनं आलेली, तिला काय वाट विचारायची होती?"

तातेराव हसला. उकंडराव म्हणाले, "लई फेकतो." एरवी गोष्ट इथं संपते आणि मी बिडी पेटवतो. परवाही मी काडी पेटवली होती.

"काका," महेजबीन म्हणाली, "गाडी गॅरेजात व्हती ती आदल्या दिवशी."

"न्हाई गं. त्याच दिवशी."

"आदल्या दिवशी. अब्बा लई उशिरा आले व्हते. अम्मीनं विचारलं काहून उशीर, तर म्हणले, फरशीवर तासभर थांबलो, देव्या आलाच न्हाई. गाडी नादुरुस्त असंल म्हणले. अन् हसले. म्हणले, माझा नंबर मी भरला. उद्या देव्यानं थांबायचं."

माझी काडी विझली. मी दुसरी काढली नाही.

हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या हिशोबात गाडी बंद होती तो दिवस मोजायचाच नव्हता. माझ्या हिशोबात त्याचा नंबर बाकी होता. अकरा महिने मी एकच गोष्ट मनात घट्ट धरून होतो की अजीजनं चौदा वर्षांत पहिल्यांदा नंबर चुकवला, तो थांबायचा होता आणि थांबला नाही. झोप यावी म्हणून माणसाला काहीतरी धरायला लागतं. आणि तो तर आदल्या दिवशी त्या ओसाड फरशीच्या तोंडाशी, दगडी चाक घेऊन, माझी वाट बघत तासभर उभा होता.

"तवा नंबर तुमचा व्हता," ती म्हणाली.

"पोरी, मला दिवस आठवत न्हाईत आता. डोळेबी गेले, म्हणून तर गाडी विकली."

"अजीजच्या चाळिसाव्या दिवसाच्या आधीच विकली," उकंडराव सहज म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच काहीतरी वाटलं असावं. ते कपात बघू लागले.

"डॉक्टर म्हणले, अब्बा लगेच न्हाई गेले," महेजबीन म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. बाजारात भाव सांगावा तसं सांगत होती. "पहाटेपरयंत जीव व्हता म्हणले. सकाळी कापूस वेचायला जाणाऱ्या बायांयनं पाह्यलं. तवर गार झाले व्हते. मला भांडायचं न्हाई कोणाशी. फकत एवढं पाह्यजे, ते पडले तवा तिथं कोण व्हतं. काही बोलले का. पाणी मागितलं का."

भट्टीवर दूध वर आलं, तातेरावनं ते खाली घेतलं.

तेवढ्यात स्टँडवर एक टेम्पो मागं आला. जागा ती एवढीशी; त्याचा फाळका बाकड्याला लागला आणि अजीजची सायकल घसरायला लागली. दगडी चाकाच्या वजनानं ती एकदा आडवी झाली असती तर हँडल मोडलं असतं. उकंडरावांनी धरली. टेम्पोवाल्यानं मागं बघितलंही नाही.

"हिला स्टँडवर लावा ना," तातेराव म्हणाला.

"लागत न्हाई," महेजबीन म्हणाली. "घरी कोणालाच लागत न्हाई. तो कळमनुरीवाला बी मागं पाहून गेला तवा म्हणला, स्टँड काढून टाकतो."

उकंडरावांनी टाच मारली. सायकल जागची हलली नाही. पुन्हा मारली, तर धोतराचा सोगा चेनमध्ये गेला. तातेराव हात पुसत आला. हा रोज दुधाचे कॅन उचलणारा माणूस. त्यानं कॅरेजला धरून उपटायला बघितलं आणि कमरेला हात लावून बाजूला झाला. "काय भंगार करून ठेवलंय," तो म्हणाला.

त्या स्टँडला भंगार म्हटलेलं मला सहन झालं नाही. माझ्या जीपचा पाटा होता तो. आणि खरं सांगायचं तर गोष्ट हातातून सुटून चालली होती. लोकांनी पुन्हा माझ्याकडं बघावं, हसावं असं मला वाटत होतं. "सरका," म्हणालो. डावा हात सीटवर, उजवा कॅरेजला, टाच, कंबर. खट्ट. सायकल सरळ उभी राहिली. मागचं चाक जमिनीपासून चार बोटं वर, हळूहळू फिरत होतं.

"वा रे देव्या," उकंडराव म्हणाले. "एका दमात."

मी हात झटकले आणि हसत वळलो. महेजबीन चाकाकडं बघत होती. चाक थांबेपर्यंत बघत राहिली.

"अम्मी दळण घेऊन आली तवा सायकल अशीच व्हती," ती म्हणाली. "दारात. स्टँडवर. चाक वर. अम्मी म्हणली, तुझे अब्बा आले, नमाजला गेले असतील. मंग म्हणली, कोणाकडं तरी बसले असतील. सायकल स्टँडवर हाये म्हणल्यावर माणूस गावातच हाये. म्हणून रातभर कोणी फरशीकडं गेलंच न्हाई."

"हुशार सायकल होती ती," मी म्हणालो. माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा वाटला. "तिनं स्वतःच..."

"न्हाई काका," ती म्हणाली. "सायकल आली न्हाई. हे स्टँड अब्बाले लागत व्हतं अन् तुमाले. तुमी आणली तिले, तुमच्या जीपमधी घालून, अन् दारात उभी केली. जीप तर रिकामीच व्हती ना. मंग अब्बाले काहून न्हाई आणलं?"