चीकबाबाचं लाल दुपटं

भोसरीतल्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, त्यामुळे चमत्कारही गुरुवारीच होत. १९८१ सालच्या त्या गुरुवारी दिघीकडे जाणाऱ्या रस्त्याला सयाजीबुवांच्या मांडवासमोर सकाळी सातपासून ही गर्दी! कुणाच्या कडेवर मलूल पोर, कुणाच्या हातात नुसतंच पोराचं दुपटं. सयाजीबुवांना सगळे चीकबाबा म्हणत. त्यांच्या कपिला गाईचा चीक जुलाबाचं विष पोटातून ओढून काढतो, अशी ख्याती होती. गाय व्यायल्यावर चीक दोन-चार दिवसच येतो आणि कपिला तर चार महिने रोज चीक देत होती, पण एवढा हिशेब देवाच्या दारात कोण करतो?

"दुपटं पसरा! हळद चोळा! आता बघा माझ्या कपिलेची करणी!" बुवा गरजले. लोट्यातला चीक त्यांनी शिंपडला आणि पिवळं दुपटं डोळ्यांदेखत लालभडक झालं. बायकांनी हात जोडले. "पोटातलं विष कापडात उतरलं, माउली! आता तीन दिवस लेकराला पाण्याचा थेंब देऊ नका. पाणी प्यालं की विष परत भिनलंच म्हणून समजा!"

रांगेत भीमराज उभा होता आणि तो पळून जाऊ नये म्हणून बायकोने, कस्तुराने, त्याचा शर्ट धरून ठेवला होता. त्यांची दोन वर्षांची गौतमी कालपासून चिंचवडच्या दवाखान्यात होती. डोळे खोल गेलेले, रडायलाही ताकद नाही. दुपटं लाल झालं की दुपारी पोरीला उचलून आणायचं, हे कस्तुराने ठरवून टाकलं होतं.

त्याला कारण दवाखान्यातले डॉक्टरच होते. जुलाबाचे जंतू पोटात विष सोडतात, असं त्यांनी काल समजावून सांगितलं होतं. त्या विषाची लस गाईंना टोचली की त्यांच्या चिकात विषाला मारणारं औषध तयार होतं. त्याची पूड ते मुलांना देऊन बघत होते. "पण उपयोग होतो की नाही, मला अजून ठाऊक नाही," असंही त्यांनी सांगून टाकलं. "म्हणून निम्म्या बाटल्यांत ती पूड आहे, निम्म्यांत साधी दुधाची. बाटलीवर फक्त नंबर. कुणाला कुठली, ते मलाही माहीत नाही. मीठ-साखरेचं पाणी मात्र सगळ्यांना."

"डागदरच म्हनतोय ठावं न्हाई!" कस्तुरा पुन्हा फणफणली. "बुवा शंभर टक्के म्हनत्यात. आपल्या लेकीला साधी बाटली लागली असंल तर?"

भीमराजलाही तीच भीती होती. पण तो होता गिअरच्या कारखान्यात तपासनीस. रोज सकाळी माप तपासायचं गेज हातात घेतलं की आधी त्यात मास्टर पीस घालून बघायचा, म्हणजे ज्याचं माप पक्कं ठाऊक आहे असा तुकडा. गेजने त्यालाच नापास केलं, तर गेज भंगारात. ही सवय सुट्टीच्या दिवशीही सुटत नाही. तो कस्तुराच्या हातून शर्ट सोडवून समोरच्या वजीरभाईंच्या सायकल दुकानात गेला आणि एक कोरं फडकं घेऊन आला.

नंबर आला. फडक्याला हळद लागली, चीक पडला, फडकं लाल!

"अरारारा! केवढं हे विष!" बुवा कळवळले. "कुणाचं लेकरू?"

"लेकरू न्हाई बुवा. वजीरभाईंच्या दुकानातलं कोरं फडकं हाय. अजून सायकलीलाबी लागलं न्हाई."

बुवा सावरले. "मग दुकानदाराच्या पोटात विष आहे!"

"सकाळी मटणाबरोबर चार पाव खाल्लेत, बुवा!" वजीरभाई दुकानातून ओरडले. "अजून दोन मागवू का?"

मांडव हसण्याने हलला. मग कोण कुणाला आवर घालणार? कुणी टोपी पुढे केली, कुणी कंपनीचा हातरुमाल. भीमराजने लोटा उचलला आणि हळद लावलेल्या प्रत्येक चिंधीवर शिंपडत सुटला. टोपी लाल, रुमाल लाल, शेवटी हळदीने माखलेलं बुवांचं उपरणंही लाल! "बुवांनाच जुलाब हाय!" कुणीतरी ओरडलं. लोट्याच्या तळाशी पांढरा गाळ दिसला. भीमराजने बोटावर घेऊन बघितला, तर पानाला लावायचा चुना.

कस्तुराने कपाळावर हात मारला. "आगं बया! हळदीच्या डागाला साबन लावला की असाच लाल हुतोय की! रोज धुनं धुतो आपन, अन् हितं हात जोडून उभ्या?"

हे रांगेतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. हळदीला चुना किंवा साबण लागला की ती लाल होते. बुवांच्या लोट्यात चीक नव्हताच, साध्या दुधात चुना होता, एवढाच चमत्कार. बुवा चेल्याच्या स्कूटरवर मागे बसून आळंदीच्या दिशेने अंतर्धान पावले. कपिला मागेच राहिली, आणि ती भाकड निघाली.

कस्तुरा धावत दवाखान्यात पोचली. दोन दिवस ती गौतमीला चमच्या-चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजत होती. तिसऱ्या दिवशी पोरीने भाकरीसाठी भोकाड पसरलं. ते ऐकून भीमराजला रडू फुटलं आणि त्याने ते लपवलं नाही.

आता आपली माणसं बघा! पुढच्या गुरुवारी अख्खी चाळ हार-नारळ घेऊन दवाखान्यात हजर. गौतमीच्या तेवीस नंबरच्या बाटलीला कस्तुराने स्वतः कुंकू लावलं. दवाखान्यातल्या प्रभावती सिस्टर कपाळाला हात लावून बसल्या.

कुठल्या नंबरात कुठली पूड, ते लिहिलेलं बंद पाकीट चार महिन्यांनी उघडलं. सिस्टरांनी कस्तुराला बोलावून घेतलं. "तेवीस नंबर. साधी दुधाची पूड होती, बाई."

कस्तुराने सिस्टरांचा हात धरला. "मंग माजी लेक वाचली कशानं?"

"पुष्कळदा जुलाब आपले आपण थांबतात. तोवर जीव धरून ठेवायला पाणी लागतं. ते तुम्ही पाजलंत."

"अन् ते चिकाचं औषध?"

"थोडा गुण दिसतोय. पण मुलं कमी होती, खात्री नाही. म्हणून डॉक्टरांनी नव्या मुलांवर पुन्हा तसंच तपासायला घेतलंय."

कस्तुरा पलीकडच्या खाटेपाशी गेली. तिथली आई आपल्या पोराची बाटली उजेडात धरून खरी की साधी ते ताडत होती. तिच्या हातात कस्तुराने चमचा दिला.

"ती बाटली ठेव खाली, बाई. खरं काय ते डागदर तपासून सांगतील, येळ लागंल त्येला. तू पानी पाज."