डावा खालचा कोपरा

माझ्या आईचे डोळे शुगरने गेले. आधी तिला एका बाजूचं दिसेनासं झालं आणि ते तिने वर्षभर कोणाला सांगितलं नाही. मलाही शुगर आहे. आय स्क्रीनिंगला बोलावणारी दोन पत्रं मी फ्रिजवर मॅग्नेटखाली दाबून ठेवली होती. जायचं होतं, पण तिथे काय ऐकावं लागेल याची भीती वाटायची. एवढं आधी सांगितलेलं बरं.

माझ्या नवऱ्याने, अवधूतने, तीस वर्षं नॉटिंगहॅमच्या एका कापड कारखान्यात रंग जुळवायचं काम केलं. निळ्यातला चिमूटभर हिरवा त्याला लांबून कळायचा. रिटायर झाल्यावर त्याने बागेत दुर्बीण मांडली आणि तिला कॅमेरा जोडून ताऱ्यांचे फोटो काढायला लागला. इथल्या आकाशात ताऱ्यांपेक्षा ढगच जास्त, पण हौसेला मोल नाही.

त्या फोटोंवर लेन्सवरच्या धुळीचे डाग उमटतात, कडा काळवंडतात. ते घालवायला कॅमेऱ्याला एकदा अगदी एकसारखा पांढरा उजेड दाखवावा लागतो, मग कॉम्प्युटर तेवढा दोष फोटोतून काढून टाकतो. असं उजेडाचं पॅनल विकत मिळतं. पण विकत आणेल तर तो अवधूत कसला. जुन्या फोटोफ्रेममध्ये त्याने एलईडीच्या पट्ट्या चिकटवल्या, त्यांवर ट्रेसिंग पेपर, त्यावर दुधी ॲक्रिलिकची शीट. शनिवारी दुपारी कॉन्झर्व्हेटरीचे, म्हणजे बागेकडच्या काचेच्या खोलीचे, पडदे ओढून त्याने मला हाक मारली.

डावा डोळा मिटून, फक्त उजव्याने बघत तो उभा होता. दुर्बिणीच्या सवयीने हल्ली तो सगळंच असं बघायचा, चहाचा रंगसुद्धा. म्हणाला, "डावा खालचा कोपरा अंधारलाय. दिसतंय ना तुला?"

मला दिसत नव्हतं. मला सगळीकडे सारखाच उजेड दिसत होता. अवधूतचा डोळा चुकेल असं माझ्या मनातही आलं नाही, मनात आली ती आई. चाचपडत दाराची कडी शोधणारी.

"हो, दिसतंय की," मी म्हणाले.

त्याने त्या कोपऱ्यात आणखी एक पट्टी चिकटवली. दुसऱ्या दिवशी म्हणाला की अजून कमी पडतोय, अंधार जरा वर सरकलाय. मी मान डोलावली. मग रोज एक पट्टी आणि रोज माझी मान. कॅमेऱ्याने का तपासत नाहीस, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, आधी डोळ्याला पटू दे. कारखान्यातही डोळा आधी आणि मशीन नंतर, अशीच त्याची रीत होती.

मला तर तो कोपरा आता खुपायला लागला होता, इतका लख्ख. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तशी माझी गत. एकेक डोळा झाकून मी डब्यांवरची नावं वाचायचे. वाचता यायची, तरी भीती जायची नाही. मग रागच यायचा, त्या पॅनलचा आणि त्याच्या त्या ऐटीत मिटलेल्या डोळ्याचा.

आठव्या दिवशी, पुन्हा शनिवारी, त्याने कंटाळून कॅमेऱ्याला साधी लेन्स लावली आणि पॅनलचाच फोटो काढला. लॅपटॉपवर प्रत्येक कोपऱ्यातल्या उजेडाचे आकडे आले. तीन कोपरे जवळपास सारखे. डावा खालचा त्यांच्या दुप्पट उजळ. त्याने पुन्हा फोटो काढला. तेच आकडे.

मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू? माझे डोळे शाबूत होते, एवढंच मला कळलं आणि मी खुर्चीत बसून हसलेसुद्धा. मग मी त्याच्याकडे पाहिलं. तो डावा डोळा मिटून, कपाळाला आठ्या घालून अजून पॅनलकडे बघत होता.

मी उठले आणि पॅनल वरची बाजू खाली असं फिरवून ठेवलं. लख्ख कोपरा आता वर उजवीकडे गेला.

"आता कुठला कोपरा अंधारलाय?" मी विचारलं.

"डावा खालचा," तो म्हणाला, आणि बोलता बोलता थांबला.

मी त्याच्या उजव्या डोळ्यावर हात धरला आणि डावा उघडायला लावला. "आता कुठेच नाही," तो म्हणाला. माझ्या हाताखाली त्याची पापणी फडफडत होती.

ट्रॅमने आम्ही हॉस्पिटल गाठलं. पोरसवदा डॉक्टरबाईने थेंब घालून तपासलं. उजव्या डोळ्याचा आतला पडदा फाटून सुटत चालला होता. ती म्हणाली की उद्या सकाळीच ऑपरेशन करू, पण दृष्टी किती परत येईल ते सांगता येणार नाही. सुरुवातीलाच आला असतात तर कदाचित लेझरवर भागलं असतं. मग तिने विचारलं, सावली कधीपासून दिसते आहे?

अवधूत म्हणाला की आजच लक्षात आलं.

"आठ दिवस," मी म्हणाले. "सात पट्ट्या चिकटवल्यात त्याने."

थेंबांमुळे त्याला माझा चेहरा नीट दिसत नसावा. तरी तो माझ्याकडे वळला.

"पण श्यामला, तुलाही तो कोपरा अंधारलेला दिसत होता ना?"

"नाही," मी म्हणाले. "एकदाही नाही."