वर्षातलं पहिलं हेल्मेट

टेटची, म्हणजे नव्या वर्षाची सुटी संपून कारखाना उघडतो त्या दिवशी जे घडेल तेच वर्षभर घडत राहतं, हे बिएन होआ शहरातल्या त्या हेल्मेट कारखान्यात फाटकावरच्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक होतं. अंधश्रद्धा म्हणायचं तर खुशाल म्हणा. म्हणणाराही सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक हात हलवत परत गेलं की दिवसभर कपाळाला आठ्या घालून बसतोच.

म्हणून त्या दिवशी तिथे कोणी भांडत नसे, काही फोडत नसे, आणि 'नाही' हा शब्द तर ओठांवरही आणत नसे. मालक ख्वाकाका अंगणात देवापुढे अख्खं भाजलेलं डुक्कर ठेवायचे, फाटकाशी माई नावाच्या पिवळ्या फुलांच्या कुंड्या मांडल्या जायच्या, आणि मग सगळ्यांसमोर वर्षातलं पहिलं हेल्मेट तपासलं जायचं. लोखंडी डोक्यावर हेल्मेट चढवायचं, वरून ऐरणीवर आपटायचं, आतल्या डोक्याला किती दणका बसला ते काट्यावर बघायचं. काटा लाल रेषेच्या अलीकडे थांबला की तपासणाऱ्याने मोठ्याने 'पास!' म्हणायचं. मग ढोल वाजायचे आणि लाल रिबीन बांधलेला ट्रक फाटकाबाहेर एक फेरी मारून परत यायचा. रिकामा ट्रक, शकुनापुरता. खरा माल दुसऱ्या दिवसापासून निघायचा.

हे पहिलं हेल्मेटही असंतसं नसे. साच्यावरचा जुना कारागीर थाच ते सुटीआधी निगुतीने बनवून देवाच्या फळीवर ठेवून जायचा. ते पास होणार हे सगळ्यांनाच माहीत असायचं. मांडवात उभ्या केलेल्या नवरीला मुलगा पसंत आहे का विचारावं, तशातली ती परीक्षा.

तिथे बारा वर्षांना बारा प्राण्यांची नावं असतात, त्यातलं यंदा शेळीचं वर्ष लागलं होतं. जोतिष्याने काकांना सांगितलं, डुकराच्या वर्षी जन्मलेल्या बाईच्या तोंडून पहिला शब्द येऊ द्या, भरभराट होईल. तपासणी विभागात तशी एकच होती, लोआन.

"घ्या लोआनताई! जन्मभर आम्ही डुक्कर म्हणून चिडवलं, आता डुकरालाच मान!" पॅकिंगमधली कुक म्हणाली.

"एक डुक्कर देवापुढे भाजलेलं, एक यंत्रापुढे उभं," लोआन म्हणाली. "कुणाचे हाल जास्त ते बघूच."

एरवी ही लोआन म्हणजे महाखडूस बाई. पट्ट्याची शिवण एवढीशी सुटलेली दिसली तरी पेटीच्या पेटी मागे पाठवायची. मोल्डिंगवाले तिला तोंडावर ताई म्हणायचे आणि पाठ वळली की सासूबाई. तिला त्याचं काही नव्हतं. तिचा धाकटा भाऊ स्कूटरवरून पडून वारला होता, तेव्हा त्याच्या डोक्यावर बाजारातलं स्वस्त, नावाला हेल्मेट होतं. हे तिने कारखान्यात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून काय, लोक हळहळले असते आणि दुसऱ्या दिवशी तोच माल पुढे सरकवला असता.

त्या सकाळी सगळे नव्या कपड्यांत अंगणात जमले. उदबत्त्यांचा धूर, आठ-दहा ढोलवाले, काकांचे पाहुणे. यंत्र बाहेर आणून ठेवलं होतं. लोआनने गोदामवाल्याकडून हेल्मेट घेतलं. लहान मुलाचं होतं, निळं. थाचचं हेल्मेट नेहमी लाल असायचं.

"थाचदादाचं कुठंय?" तिने हळूच विचारलं.

"अगं, त्याची आई आजारी पडली, तो सुटीआधीच गावी पळाला. कुठलं हेल्मेट अन् कुठलं काय! हे वरच्या पेटीतलं काढलं. सगळी सारखीच की. चल, मुहूर्त टळेल."

सारखीच! तपासनिसाला असं सांगणाऱ्याच्या थोबाडीत द्यायला हवी. पण त्या दिवशी थोबाडीतही द्यायची नसते. लोआनने हेल्मेट चढवलं आणि खटका ओढला.

आवाज ऐकला तेव्हाच तिने ओळखलं. बसका, पोकळ आवाज. काटा लाल रेषेपाशी थबकलासुद्धा नाही, सरळ टोकाला जाऊन आपटला. वरून कवचाला साधी चीर नव्हती. तिने आत बोट घातलं तर थर्माकोलच्या अस्तराचा, कुरमुरे कुस्करावेत तसा, भुगा हाताला लागला. सुटीआधीच्या घाईत साचा पुरता तापू न देता माल काढला होता, दाणे एकमेकांना धरलेच नव्हते.

काट्याची तबकडी तिच्याकडे तोंड करून होती. दुसऱ्या कुणालाच ती दिसत नव्हती.

तिने वर पाहिलं. ख्वाकाका डोळे मिटून हात जोडून उभे होते, ओठ पुटपुटत होते. गेलं वर्ष त्यांना वाईट गेलं होतं, बायकोचं आजारपण, दोनदा बंद पडलेली भट्टी. कुक टाळ्या वाजवायला हात उचलून तयार. ढोलवाल्याची टिपरी हवेत. आणि या सगळ्यांच्या वर्षाच्या पहिल्याच घासाला आपण खडा टाकायचा? शुभ बोल नाऱ्या म्हटलं तर नाऱ्या म्हणतो मांडवाला आग लागली, ती गत. वर्षभर कुणाचं पोर आजारी पडलं, कुणाचा हात यंत्रात सापडला, की बोट आपल्याकडे. लोआनला या सगळ्यांची भीती वाटली, हे खरं. पण त्याहून त्यांची मायाच तिला जास्त आडवी आली. तिने मनाशी म्हटलं, हा सोहळा आहे, तपासणी नव्हे. ट्रक रिकामा जाईल, रिकामा येईल. जेवणं झाली की काकांना बाजूला घेऊन सांगू, हा लॉट थांबवा म्हणून.

"पास!" ती ओरडली.

ढोल कडकडले. काकांनी डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं. रिबीन बांधलेला ट्रक फाटकाबाहेर पडला, बायकांनी लोआनला ओढत पंगतीत नेलं, ताटात डुकराचा कुरकुरीत तुकडा आणि चिकट भाताचे काप आले. ती तुकडा नुसता ताटात इकडून तिकडे सरकवत राहिली. तिचे कान फाटकाकडे लागले होते. पंगत उठली, भांडी घासायला गेली, तरी ट्रकचा पत्ता नव्हता.

"ट्रक आला नाही गं अजून?" तिने कुकला विचारलं.

"येतोय कशाचा! शाळेला गेला की तो. रबराच्या मळ्यातल्या त्या शाळेला. आज शाळा उघडते, आजच मुलांना हेल्मेटं वाटायची म्हणून काकांनी सुटीआधीच भरून ठेवला होता. म्हणाले, यंदा रिकामा शकून नको, भरलेला जाऊ दे." कुकने तिच्याकडे पाहिलं. "अगं, काय झालं? चेहरा का असा पांढरा पडला?"

"निळी हेल्मेटं?"

"निळीच. वरची पेटी तुझ्यासाठी फोडली ना."

लोआन उठली ती धावतच काकांच्या खोलीत गेली. काका पाहुण्यांना चहा ओतत होते. तिने दारातूनच सांगून टाकलं, सगळ्यांसमोर. मुहूर्त, शकून, सगळं गेलं खड्ड्यात.

"काका, ते हेल्मेट नापास होतं. मी खोटं बोलले."

काकांच्या हातातली किटली तशीच राहिली. पाहुणे कपात बघू लागले.

"काटा?" काकांनी विचारलं.

"टोकाला गेला. आत सगळा भुगा आहे."

काका ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते खुर्चीत बसले आणि फार हळू बोलले.

"लोआन, गोदामात नोव्हेंबरचा लॉट पडलाय. मुलांचाच, हिरवा. तूच तपासलेला, उत्तम. एक शब्द बोलली असतीस तर मी पेट्या बदलून गाडी सोडली असती. तेवढंच होतं गं."

"पहिल्या दिवशी नाही कसं म्हणायचं, म्हणून मी..."

"मी पहिला शब्द तुझ्याकडून का घेतला? जोतिष्याने सांगितलं तशा कारखान्यात चौघी आहेत. पॅकिंगमध्येच डुकराच्या वर्षाच्या तिघी. मी म्हटलं, नको, लोआनच. ती खोटं बोलत नाही."

लोआनला तिथल्या तिथे धरणीने पोटात घ्यावं असं झालं. काकांनी ड्रायव्हर हिएनला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. हा हिएन गाणी लावून गाडी हाकणारा माणूस, त्याला फोन कुठला ऐकू येतोय!

"मी जाते," लोआन म्हणाली, आणि काका काही म्हणायच्या आत स्कूटर काढलीसुद्धा.

रस्ताभर टेटहून परतणाऱ्या माणसांची रीघ लागली होती. एकेका स्कूटरवर बाप, आई, मध्ये पोर, वर कोंबडीची करंडी. दर पोराच्या डोक्याकडे तिची नजर जात होती. निळं दिसलं की ती वळून वळून पाहायची. रबराच्या चिकाचे टँकर घासून जात होते आणि ती स्वतःला शिव्या घालत होती. मेल्या तोंडाची, मोठी आली माया करणारी! मोल्डिंगवाल्याची एवढीशी चूक दिसली की पेटी फेकतेस, आणि स्वतःच्या तोंडून काय फेकलंस आज?

ती शाळेत पोहोचली तेव्हा पटांगणात मुलांच्या रांगा होत्या. प्रत्येकाच्या डोक्यावर निळं हेल्मेट. मुख्याध्यापिका ह्वेबाई भाषण करत होत्या, आणि हिएन कोपऱ्यात केक खात उभा होता.

"अरे लोआनताई! तू इथे?"

लोआन सरळ ह्वेबाईंपाशी गेली आणि सगळी मुलं ऐकत असताना म्हणाली, "बाई, ही हेल्मेटं काढायला सांगा. खराब आहेत."

"खराब? अहो, पत्रात लिहिलंय, आज सकाळीच तपासलीत म्हणून."

"मीच तपासली. मीच पास म्हणाले. पाप माझं आहे, पण हेल्मेटं काढा." पुढच्या मुलाचं हेल्मेट तिने हातात घेतलं आणि अंगठ्याने आतून दाबलं. पांढरे दाणे ह्वेबाईंच्या रेशमी कपड्यांवर सांडले.

बाईंचा चेहरा उतरला. नव्या वर्षाचा शाळेचा पहिला दिवस आणि हे! पण बाई समजूतदार. त्यांनी रांगा एकेक करून पुढे बोलावल्या, आणि हेल्मेटं पेट्यांत परत जाऊ लागली. काही पोरं रडली. हिएन म्हणाला, उद्या सकाळी हिरवी घेऊन येतो, याहून भारी. पोरांना उद्याचं काय कौतुक?

शाळा सुटली. फाटकाबाहेर आईबाप स्कूटरी लावून थांबले होते. रबराच्या मळ्यात कामाला असणारा एक माणूस मुलीला घेऊन लोआनपाशी आला. पहिलीतली असेल, दोन वेण्या.

"ताई, शाळा हेल्मेट देणार म्हणून हिचं जुनं मी भाचीला देऊन टाकलं," तो म्हणाला. "आता घरी जाताना हिने काय घालायचं?"

लोआनने स्वतःच्या डोक्यावरचं काढलं आणि मुलीला घातलं. ते नाकापर्यंत खाली आलं. पोरगी आतून खुदकन हसली. लोआनने हनुवटीखालचा पट्टा शेवटपर्यंत ओढला.

"झालं की! बसलं," बाप खुशीत म्हणाला. "फार उपकार झाले ताई. उद्या शाळेत ठेवतो परत."

लोआनने दोन्ही हातांनी हेल्मेट धरून हलवलं. ते सैल होतं, मुलीच्या डोक्यावर मागे-पुढे गरगरत होतं. पडली तर डोकं जमिनीला टेकायच्या आत हे उडून जाणार. बाप तिच्या तोंडाकडे बघत होता. आता सगळ्या शाळेला कळलं होतं की चांगलं-वाईट ठरवणारी बाई ती हीच.

"नाही दादा," ती म्हणाली. "हे चालत नाही. सैल आहे. याचा उपयोग नाही." आणि तिने पट्टा सोडला.

त्या माणसाचा चेहरा पडला. "मग काढून दिलंत कशाला? स्वतःचं द्यायला जीव होत नाही म्हणा ना सरळ."

"गाडी हळू चालवा. कडेने जा. टँकर आला की थांबा."

"गाडी कशी चालवायची ते मला शिकवू नका हो तुम्ही," तो म्हणाला आणि मुलीला मागे बसवून निघाला. पोरीने मागे वळून हात हलवला. उघडं डोकं, दोन वेण्या, वाऱ्यावर उडणाऱ्या. दुरून चिकाचा एक टँकर हॉर्न देत येत होता. टँकर गेला, धूळ खाली बसली, आणि पलीकडे ती स्कूटर धड पुढे जाताना पुन्हा दिसली तेव्हा लोआन मटकन रस्त्याच्या कडेलाच बसली. हेल्मेट तिच्या हातात होतं. पोरगी उघड्या डोक्याने गेली असताना ते स्वतःच्या डोक्यावर घालायचा तिला धीर होईना.