चाकाखालचे दगड

साखर कारखान्याच्या गाडीतळावर ट्रॅक्टर उभा करून लालासाहेबांनी चाकाला लावायचे दगड काढायला सीटमागे हात घातला. जागा रिकामी होती. हात तिथंच राहिला.

कवठे महांकाळच्या अलीकडं, चढावर उसाची ट्रॉली पंक्चर झाली, तेव्हा मागं सरकू नये म्हणून त्यांनी ते दगड लावले होते. चाक बदललं, ट्रॉली निघाली आणि दगड भर रस्त्यात राहिले. आता दिवस मावळला होता. त्यांचा मुलगा साईराज याच वेळेला सांगलीहून कामावरून त्या रस्त्यानं मोटरसायकलवर परतायचा.

फोन लावला. नुसता वाजत राहिला.

"ज्योतिबा, गाडी काढ रं! लवकर!"

शेजारचा ट्रॅक्टरवाला ज्योतिबा काही न विचारता मोटरसायकल घेऊन आला. मागे बसून लालासाहेब फोन लावतच राहिले. साईराजनं पहिल्या पगारातून हेल्मेट घेतलं, तेव्हा डोक्यावर घमेलं घेऊन हिंडतोय म्हणून त्यांनीच त्याची थट्टा केली होती. तेव्हापासून पोरगं लाजून ते कोपराला अडकवायचं. गेल्या हंगामात असाच एक पोरगा त्यांनी रस्त्यावर पडलेला पाहिला होता. अंगावर साधं खरचटलेलंही नव्हतं. मार सगळा डोक्याला. हेल्मेट मात्र आरशाला लटकत होतं, कोरं करकरीत.

चढावर माणसं जमली होती. आडवी पडलेली गाडी साईराजचीच होती. ज्योतिबा थांबायच्या आत लालासाहेबांनी उडी टाकली.

"आबा."

साईराज रस्त्याच्या कडेला बसला होता. कोपर सोललं होतं. मांडीवर हेल्मेट होतं, कपाळाच्या वर उभं तडकलेलं. लालासाहेबांनी त्याचं डोकं दोन्ही हातांनी चाचपलं. धड होतं. त्यांना रडूच आलं.

लोकांनी दगड ओढून कडेला आणले होते.

"कुणा मुडद्यानं टाकली असतील रं?" एक म्हातारी म्हणाली. "वळकू येत्यात का, पोरा?"

दुसऱ्या ड्रायव्हरांनी उचलून नेऊ नयेत म्हणून लालासाहेबांच्या दगडांवर तांबडा पट्टा असे. या हंगामात तो साईराजनंच मारला होता.

"न्हाई वं आजी. कुणाला ठावं," तो म्हणाला आणि जवळचा दगड त्यानं पायानं हळूच पालथा केला. पट्टा मातीकडं गेला.

लालासाहेब खाली बसले. त्यांनी तो दगड पुन्हा उलटला, तांबडी बाजू वर केली.

"माजी हायत, आक्का," ते म्हणाले.