हरण्याची नोकरी

क्लबात एखाद्या सभासदाचा भिडू आला नाही, की नेटच्या पलीकडे मी उभी. बॅडमिंटनचा हॉल झाडायचा, नेट बांधायचं आणि खेळायचं. खेळायचं म्हणजे हरायचं! तेही बेतानं, एकवीस-एकोणीस, म्हणजे डॉक्टरसाहेब खुशीत घाम पुसत घरी जातात. अकरा वर्षं झाली. मध्यंतरी ऑफिसनं फॉर्म भरून घेतला, 'कामात समाधानी आहात का?' मी ठोकून दिलं, 'हो.' खरं लिहून काय डोंबल फरक पडणार होता? घरी मात्र उगाच चिडचिड व्हायची, भांडी आपटली जायची.

लेकीला मात्र खेळात मी कधीच सोडलं नाही. चौदा वर्षांची आहे. रविवारी दुपारी हॉल रिकामा असतो, तेव्हा आम्ही दोघी खेळतो आणि मी तिला धुऊन काढते. या रविवारी तिनं मला हरवलं. एकवीस-सतरा! मी जिवाचं रान केलं होतं, तरी हरले. आनंदानं डोळेच भरून आले माझे.

तर ही बया रॅकेट पिशवीत कोंबत म्हणते, "मुद्दाम हरलीस ना? गुरुवारी निवड चाचणी आहे, मला धीर यावा म्हणून."

"अगं, शप्पथ नाही!"

"डॉक्टरकाकांनाही असंच सांगतेस, 'काय खेळलात साहेब!' मला सगळं कळतं. मी जाणारच नाही चाचणीला. मला काही येत नाही."

खरंखुरं हरले, तरी पोटची पोर विश्वास ठेवेना. तिची पहिली जीत माझ्या नोकरीनं खाल्ली होती.

"काढ ती रॅकेट," मी ओरडले. "पुन्हा खेळू."

तोंड फुगवून ती उभी राहिली. खेळता खेळता अठरा-अठरा झाले. तेवढ्यात तिनं मागच्या कोपऱ्यात शटल मारलं.

"बाहेर!"

"आत होतं, आई."

"बाहेर म्हणजे बाहेर! माझे डोळे फुटलेत का? कालची कार्टी, मला शिकवतेस?"

कमरेवर हात ठेवून मी चक्क भांडत होते. एका पॉइंटसाठी! लेक बघतच राहिली, मग हळूहळू हसायला लागली.

"आई, तुला खरंच जिंकायचंय!"

"मग काय, गंमत करतेय?"

"म्हणजे मघाशीसुद्धा?"

"मघाशीसुद्धा, बाई!"

"मग जाते मी गुरुवारी," ती म्हणाली आणि शटल उचलायला धावली.

शटल आत पडलं होतं, मला स्वच्छ दिसलं होतं. पण पॉइंट काही मी दिला नाही.