ऐनाची साल

ब्रह्मपुरीच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत उर्वशीनं अकराव्यांदा बीकर उचलला आणि अकराव्यांदा तेच दिसलं. कोमट पाण्यातला वाटाण्याएवढा मणी फुगून बोराएवढा झाला होता आणि पोटातला ब्राह्मीचा अर्क एका दिवसात ओकून मोकळा झाला होता. तो सात दिवस पुरायला हवा होता.

मणी हायड्रोजेलचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या थलथलीत जिलेटिनचा. तो कातडीखाली बसवायचा आणि अर्क हळूहळू अंगात झिरपू द्यायचा. उतारवयात स्मृतिभ्रंश होऊ नये म्हणून. रोजची गोळी का नको, ते तिच्या मार्गदर्शक साधना मॅडम एका वाक्यात सांगत, "विसरू नये म्हणून दिलेली गोळीच माणूस विसरतो." महिनाअखेरीस पैसे देणारी समिती काम तपासायला येणार होती. तोवर मणी टिकला नाही तर काम बंद, असं पत्र मॅडमच्या टेबलावर पडलं होतं.

शनिवारी ब्राह्मी आणायला उर्वशी जीपनं गावी गेली. तलावाच्या पाळीखाली तिच्या वडिलांनी, इस्तारीनं, तिच्यासाठी ब्राह्मीचा पट्टा राखला होता. इस्तारी ढिवर, जन्मभर जाळं टाकलेला माणूस. वर्षभरापासून एकच गोष्ट चारचारदा विचारायचा. हे काम हाती घेण्यामागं तेही एक कारण होतं. अर्जात मात्र तिनं ते लिहिलं नव्हतं.

आईचा, इंदिराबाईचा, आवाज रस्त्यावरच ऐकू आला.

"पाय वं पोरी, तुया बापाचे धंदे! नवं कोरं नायलॉनचं जाळं उकडून राह्यला!"

चुलीवरच्या गंजात, मोठ्या पातेल्यात, लालभडक पाणी खदखदत होतं. पूर्वी सुती जाळ्यांना ऐनाच्या झाडाच्या सालीचं पाणी पाजत. नायलॉन आलं आणि ती रीत गेली. मधली चाळीस वर्षं इस्तारीच्या डोक्यातून सकाळपुरती पुसली गेली होती.

"नायलॉनले कोनी साल पाजते का, बुढ्या?"

"तुले कालवनातलं समजते, जाळ्यातलं नाई," इस्तारी काडीनं जाळं दाबत म्हणाला.

उर्वशीनं चुलीत लाकूड सारलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "बाबा, साल काऊन पाजत होते?"

"नाई पाजली तं सूत पानी पिते, फुगते, सडते. साल पेलेलं सूत आवरून ऱ्हाते. पानी येते-जाते, पन सूत फुगत नाई."

उर्वशी जागीच थांबली. जिलेटिन तरी काय, कातडी-हाडं उकळूनच काढलेलं. आणि कातडंही सालीच्याच पाण्यात कमावतात.

"बाबा, हे पानी मले बाटलीभर द्या."

"ने ना. तुयं बी जाळं हाय का?"

"हाय. लहानसं."

प्रयोगशाळेत तिनं साल निराळी उकळली, गाळली आणि पाच बीकर मांडले, प्रत्येकात सालीचं प्रमाण वेगळं. सर्वांत जास्त साल प्यालेला मणी खडा झाला. त्यातून काहीच बाहेर येईना. सर्वांत कमी प्यालेला नेहमीसारखा फुगला. तिसऱ्या बीकरमधला मात्र सातव्या दिवशीही वाटाण्याएवढाच होता आणि अर्क अजून झिरपत होता. तिनं तो प्रयोग आणखी दोनदा केला, मगच मॅडमना बोलावलं.

समितीनं दोन वर्षं वाढवून दिली. त्यानंतर उंदरांवर चाचणी, त्यानंतर कधीतरी माणसांवर. उर्वशीनं वर्षांचा हिशेब केला होता. त्यात बाबा बसत नव्हते.

पेढे घेऊन ती घरी आली तेव्हा इस्तारी अंगणात तेच लालसर जाळं सांधत होता.

"बाबा, तुमच्या सालीनं माझं काम वाचलं."

"मी सांगतलो?"

"तुमीच. कागदावर तुमचं नाव लिवलं, सगळ्यात आधी."

"मले तं आठवत नाई," तो हसला. "पन सांगतलो असन. खोटं काऊन बोलशीन तू?"

"खोटं नाई बोलत," इंदिराबाई म्हणाली, "पन माया गंजाचा लाल रंग कोन काढन?"

उर्वशीनं वही उघडली. साल कशी काढायची, हे तिनं फोनवर तीनदा विचारून लिहून घेतलं होतं. तरी पुन्हा विचारलं.

इस्तारीनं पहिल्यापासून सांगायला घेतलं. झाड कोणतं, जाड किती, कुऱ्हाड कशी धरायची. सगळं तेच, त्याच क्रमानं. ती मान हलवत राहिली. मग तो थांबला आणि दोन्ही हातांनी हवेत बुंधा धरून म्हणाला,

"झाडाले पुरा वळसा नाई द्याचा, पोरी. मरते. एका अंगानंच घ्याची आन् हात जोडाचा."

हे नवीन होतं. तिनं लिहून घेतलं.